चौथा मुका

मोंब्राकमध्ये माणूस भेटला की चार मुके देतात. उजवा गाल, डावा गाल, पुन्हा उजवा, पुन्हा डावा. ओठ गालाला लावायचे नसतात. गालाला गाल टेकवायचा आणि ओठांनी हवेतल्या हवेत ‘चुक्’ करायचं. घाट उतरून अकरा किलोमीटरवर पेरूझ आहे, तिथे तीन देतात. एवढं सोडलं तर दोन्ही गावांत काही फरक नाही, आणि तेवढ्यासाठी दोन्ही गावं एकमेकांना रानटी समजतात.

ओनोरे वासाल मूळचा पेरूझचा. सत्ताविसाव्या वर्षी मोंब्राकच्या अर्लेतशी लग्न करून तो घाट चढून वर आला, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षीही गावात त्याची ओळख एकच होती: पेरूझवाला. एकतीस वर्षं तो गावचा सडक-गडी होता. गटारं उपसणं, रस्त्यावरचा बर्फ लोटणं, दिवे बदलणं, स्मशानातलं गवत काढणं आणि दर सोमवारी देवळाच्या घड्याळाला चावी देणं ही त्याची कामं. गावातलं प्रत्येक गटार त्याला स्वभावासकट ठाऊक होतं. पण मुका मात्र तिसऱ्यावर थांबायचा.

मुद्दाम नाही. घड्याळाची चावी संपावी तशी त्याची मान तिसऱ्यानंतर थांबायची. समोरच्याचा डावा गाल तसाच हवेत ताटकळत राहायचा. खाटकाची बायको तर त्याला बघताच ओरडायची, “आला पेरूझवाला! माना सांभाळा गं!” एकदा म्हाताऱ्या मादाम साबातिये डोळे मिटून चौथ्याची वाट पाहत पुढे झुकल्या, झुकल्या, आणि भोपळ्यांच्या ढिगावर जाऊन पडल्या. ओनोरे तोवर कोपऱ्यावर पोचला होता.

हे सगळं त्याला चाललं असतं. चालत नव्हती ती ऑगस्टमधली जेवणावळ.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी लिंडनच्या झाडांखाली अठ्ठेचाळीस माणसांचं लांब टेबल लागतं. त्यावर मोंब्राकची माणसं बसतात. बाहेरच्यांसाठी वेगळं छोटं टेबल असतं, संडासाच्या दाराजवळ. त्या टेबलावर लियोंहून आलेल्या बोनाफे भगिनी असायच्या, ज्या दोघींत मिळून एकच वाक्य बोलत; एक सर्कशीतला निवृत्त माणूस असायचा, जो आठ वर्षं एका कोंबडीला दोरीवर चालायला शिकवत होता; बेल्जियमचे मस्यू फेर्मेलन असायचे, जे फ्रेंच सुधारावी म्हणून गावातली प्रत्येक नोटीस रोज सकाळी मोठ्यानं वाचत; आणि ओनोरे. अर्लेत लांब टेबलावर. नवरा-बायको त्या दिवशी एकमेकांशी हात हलवून बोलत. बटाट्याचं आणि चीजचं ते लांबलचक तार सुटणारं कालवण मोठ्या टेबलावर गरम वाढलं जायचं आणि छोट्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत त्याचं रबर व्हायचं.

“एकदा,” ओनोरे दरवर्षी घरी जाताना म्हणायचा, “एकदा तरी तार सुटताना खायचंय मला. तुझ्या शेजारी बसून.”

“मग मान वळव की,” अर्लेत म्हणायची.

त्या सप्टेंबरात पॅरिसहून सिनेमावाले आले. दिग्दर्शकाचं नाव तांक्रेद. उंच, बारीक, आणि बोलताना दोन्ही हातांनी अदृश्य पाव मळल्यासारखं करायचा. गावसभेत सरपंचबाई मादाम फोंबोन यांच्यासमोर त्यानं गोष्ट सांगितली.

“एक माणूस आहे! तो बाथटबात राहतो. टबाला चाकं आहेत. गावोगाव फिरतो. त्याला कोणी थारा देत नाही. विक्षिप्त, एकटा, जगाबाहेरचा! आणि मग एक गाव… तुमचं गाव… त्याला आपलं म्हणतं! अख्खं गाव रांगेत उभं राहून त्याचे मुके घेतं! शेवट!”

“टबात पाणी असतं का?” खाटकानं विचारलं.

“नाही. टब हे स्वप्न आहे.”

“म्हणजे अंघोळही करत नाही.”

मादाम फोंबोननी हात वर करून सभा शांत केली. त्या साधं ‘मीठ द्या’ म्हणायच्या तरी ठराव मांडल्यासारखं म्हणायच्या. “गावाच्या वतीनं मी आनंद व्यक्त करते. परक्याला आपलं म्हणणारं गाव, हीच आमची खरी ओळख. मात्र रांगेत फक्त आमची माणसं उभी राहतील. बाहेरचा एकही नको.”

ओनोरे मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली. “मादाम, मी उभा राहू?”

“तू तिसऱ्यावर थांबशील, ओनोरे. जगभर दिसेल.”

“चार दिले तर?”

सभा हसली. खाटीक म्हणाला, “ह्यानं चार दिले तर मी माझ्या सुऱ्या पेरूझला दान करीन!”

“नाही, पण चार दिले तर?” ओनोरेनं पुन्हा विचारलं. “मी मोंब्राकचा? जेवणावळीला लांब टेबल?”

“हो बाबा, हो.”

“लिहून द्या.”

मादाम फोंबोनना लिहून देण्याची फार आवड होती. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला: या गावात होणाऱ्या चित्रीकरणात जो कोणी चार मुके देताना चित्रपटात दिसेल, तो कायमचा मोंब्राकचा समजला जाईल. लिहून झाल्यावर त्यांनी ओनोरेकडे एकदा पाहिलं आणि अजून एक ओळ घातली: जो कोणी रांगेत उभा राहून चार देणार नाही, तो कायमचा बाहेरचा. मग सही केली, शिक्का मारला आणि कागद कचेरीबाहेरच्या काचेच्या पेटीत लावला. दुसऱ्या दिवसापासून मस्यू फेर्मेलन तो मोठ्यानं वाचू लागले.

ओनोरेनं सराव सुरू केला. देवळातल्या मातीच्या संतावर केला. घाटातल्या दगडी खांबावर केला. ‘मोंब्राक’ लिहिलेल्या पाटीवर केला, तेव्हा एका मोटारवाल्यानं थांबून विचारलं, “बरं वाटत नाहीये का?”

“एकतीस वर्षं रोज सकाळी माझा एक मुका गिळलास,” अर्लेत म्हणाली. “आणि आता खांबांना देत सुटलायस. इकडे ये. सुरू कर.”

“चुक्. चुक्. चुक्.”

“आणि?”

अर्लेतचा डावा गाल वाट बघत होता.

“आणि, ओनोरे?”

“मान वळत नाही गं. तिथे भिंत आहे.”

युक्ती सुचली ती सोमवारी, देवळाच्या घड्याळाला चावी देताना. त्या चावीचे पूर्ण चार फेरे द्यावे लागतात. तीन हातानं होतात. चौथा जड असतो, त्याला सगळं अंग टाकावं लागतं. ओनोरे खाली आला, घरी गेला, आणि अर्लेत भांडी घासत असताना त्यानं चुक्, चुक्, चुक्, आणि मग सगळं अंग टाकून चौथा दिला. दोघंही भांड्यांच्या रॅकवर गेली. चार बशा फुटल्या.

“जमलं!” जमिनीवरून ओनोरे म्हणाला.

“जमलं,” अर्लेत म्हणाली. “आता उभ्यानं जमव.”

ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झालं. खरं तर झालं नाही. सिनेमावाले सव्वीस होते, गावकरी अठ्ठेचाळीस. सकाळी आठला सगळे चौकात जमले आणि अर्थातच प्रत्येकानं प्रत्येकाला नमस्कार केल्याशिवाय कामाला हात कसा लावणार? पॅरिसची माणसं दोन मुके देऊन निघायची आणि गावकरी त्यांना कॉलरला धरून उरलेल्या दोन मुक्यांसाठी मागे खेचायचे. साडेदहाला संपलं. एवढ्यात गाडी लावून आवाजवाला आला. पुन्हा अठ्ठेचाळीस वेळा चार. तो संपला तोच बाराची घंटा झाली आणि अख्खा चौक जेवायला गेला. वाइन झाली, चीज झालं, कॉफी झाली, तीन वाजले. कॅमेऱ्यावर भिंग चढलं. मग कोणीतरी म्हणालं, उजेड जायच्या आत एकमेकांचा निरोप घेतलेला बरा.

दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी खाटकाला सर्दी झाली आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना.

पाचव्या दिवशी एकदाची रांग उभी राहिली. टबात बसलेला नट दलमास, पॅरिसचा, फार सभ्य माणूस, पुढे सरकत गेला. गावकरी वाकून वाकून मुके देत गेले. तांक्रेद घड्याळ बघत होता.

“थांबा! थांबा! थांबा!” त्याचे हात पाव मळू लागले. “अठ्ठेचाळीस माणसं, प्रत्येकी चार! माझे प्रेक्षक म्हातारे होतील हो! काही तर जातील! दोन द्या. चित्रपटात दोनच द्या.”

चौकात असं काही शांत झालं की कोंबडीसुद्धा दोरीवरून उतरली.

“दोन?” मादाम फोंबोन म्हणाल्या. “दोन म्हणजे नमस्कार नव्हे. दोन म्हणजे पाकिटावर तिकीट चिकटवणं. मी गावाच्या वतीनं खेद व्यक्त करते.”

“चार मला परवडत नाहीत!”

“दोन आम्हाला शोभत नाहीत!”

तेव्हा पाद्रीबाबा, ज्यांना जेवायला उशीर होत होता, हळूच म्हणाले, “मग तीन?”

तीन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. खाटकाची बायको छातीवर क्रूस काढत म्हणाली, “तीन म्हणजे खालचे.”

“नाही ना जमत? ठीक आहे!” तांक्रेद टोपी आपटत म्हणाला. “मी दुसऱ्या गावात जातो. येताना एक दिसलं होतं घाटाखाली. पेरू… पेरूझ!”

ठराव तीन सेकंदांत एकमतानं मंजूर झाला. तीन तर तीन.

पण तीन कोणालाच जमेनात. जन्मभर चार दिलेली मानगूट तीनवर कशी थांबणार? मादाम फोंबोननी तिसरा दिला, मान आपोआप फिरली, दलमासनं आपली सभ्यपणे मागे घेतली होती, बाईंचा चष्मा टबात. पाववाल्यानं चौथा दिला तो थेट तांक्रेदच्या भोंग्याला. मादाम साबातियेंनी चौथा हवेत दिला आणि हवेला म्हणाल्या, “माफ करा हं, मस्यू.” दुपारपर्यंत दलमासच्या नाकाला तीनदा पट्टी बांधून झाली.

“या सबंध गावात,” तांक्रेद रडकुंडीला येऊन म्हणाला, “तीन मुके देता येणारा एकही माणूस नाही?”

अठ्ठेचाळीस माना एकाच वेळी मागे वळल्या. तिथे ओनोरे गटार उपसत होता.

दोन दिवस ओनोरेनं गावाला शिकवलं. कचेरीच्या सभागृहात, खुर्च्या भिंतीला लावून. ज्या गोष्टीवरून एकतीस वर्षं त्याला हसले, ती गोष्ट आता सगळे वहीत उतरवून घेत होते.

“मान आवळायची नाही, मादाम. मान आवळली की ती सुटते. थांबायचं ते आतून. तिसरा झाला की असं वाटलं पाहिजे की घरी दूध उतू जातंय.”

“कुठलं दूध?” खाटकानं विचारलं.

“कुठलंही. चला. चुक्, चुक्, चुक्, दूध!”

“चुक्, चुक्, चुक्, दूध!” सगळं सभागृह म्हणालं.

“मस्यू खाटीक, तुमचं दूध उशिरा येतंय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्खं मोंब्राक पेरूझच्या कुठल्याही माणसाइतकं तिसऱ्यावर थांबू लागलं. मादाम फोंबोननी आपला चष्मा पुसला. “ओनोरे, गाव तुझं ऋणी आहे. तूही रांगेत उभा राहा. शेवटी.”

ओनोरेनं टोपी काढली. “आणि तो हुकूम, मादाम? चार देणारा मोंब्राकचा, तो?”

“कुठला हुकूम? अच्छा, तो. तो आहेच. पण हे बघ, उद्या तू तरी चार देऊ नकोस रे बाबा. मोठ्या मुश्किलीनं सगळे तीनवर आलेत. चित्रपट बिघडेल.”

घरी सूप पिताना अर्लेतनं विचारलं, “मग?”

“तीन दिले तर कायमचा बाहेरचा. रांगेत उभा राहून तीन, असं स्पष्ट लिहिलंय. चार दिले तर सगळ्या गावाची मेहनत पाण्यात.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं मी तीन द्यावेत. मीच शिकवलंय सगळ्यांना.” त्यानं पावाचा तुकडा सुपात बुडवला आणि तिथेच विसरला. “आपण घरीच एकदा बटाट्याचं कालवण करू. गरम.”

“घरी तार सुटत नाही,” अर्लेत म्हणाली. “त्याला मोठी कढई लागते.”

शेवटच्या दिवशी ऊन मऊ होतं. टब रांगेपुढून सरकत गेला. चुक्, चुक्, चुक्, दूध. चुक्, चुक्, चुक्, दूध. ज्याचं होईल तो समोरच्या कॅफेत जाऊन बसत होता. मादाम फोंबोन आत गेल्या. खाटीक आत गेला. अर्लेत दारात एकदा थांबली, मागे बघितलं आणि आत गेली. एकशे चव्वेचाळीस मुके घेऊन दलमासचे गाल टोमॅटोसारखे झाले होते. रांगेत आता एकटा ओनोरे उरला.

चुक्. दलमासच्या गालाला पावडरीचा वास होता.

चुक्.

चुक्. झालं. दूध, ओनोरेनं मनात म्हटलं. दूध उतू जातंय. दलमासनं सभ्यपणे मान मागे घेतली, जशी आधी अठ्ठेचाळीस वेळा घेतली होती. आणि ओनोरेला एकदम आठवलं की आज सोमवार आहे, आणि घड्याळाला चावी द्यायची राहिलीय, आणि चौथा फेरा हातानं होत नसतो. त्यानं सगळं अंग टाकलं.

चौथा मुका दलमासच्या डाव्या गालावर असा बसला की आवाजवाल्यानं कानावरचे भोंगे काढले. अंगाच्या जोरानं टब हलला. मग चालू लागला. चौकाचा उतार घाटाकडे आहे. टबात दलमास, टबाच्या कडेला पोटावर लटकलेला ओनोरे, गाल अजून गालाला, अशी ती स्वारी कॅफेच्या खिडकीपुढून सावकाश गेली.

“ब्रेक नाहीत वाटतं त्याला,” आत खाटीक म्हणाला आणि पत्ते वाटत राहिला.

“कॅमेरा चालू ठेवा!” तांक्रेद किंचाळत मागे धावत होता. “कोणी बोलू नका! चालू ठेवा!”

टब वळणावरच्या गटारात जाऊन थांबला. ते गटार ओनोरेनं आदल्याच आठवड्यात उपसलं होतं. तळाशी मऊ गवत होतं. दलमास बाहेर आला, कोट झटकला, आणि फार सभ्यपणे म्हणाला, “मस्यू, इतक्या मनापासून माझं कुठेच स्वागत झालं नाही.”

“ठेवणार हे?” ओनोरेनं धापा टाकत तांक्रेदला विचारलं. “चित्रपटात?”

“ते पॅरिसला कापायला बसल्यावर कळेल,” तांक्रेद म्हणाला. “कधी कधी सगळ्यात सुंदर गोष्टच कापावी लागते.” आणि सिनेमावाले गेले.

दहा महिने ओनोरेनं तोंड उघडलं नाही. फक्त अर्लेतला सांगितलं. दहा महिने तो गटारं उपसत होता आणि काचेच्या पेटीतला कागद उन्हानं पिवळा पडत होता. पेटीची किल्ली मादाम फोंबोनकडून हिवाळ्यातच हरवली होती. ती ओनोरेच्या खिशात होती. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

जेवणावळीच्या रविवारी सकाळी अकराला सिनेमाची गाडी आली आणि सभागृहात पडदा लागला. गाव नटून बसलं होतं. टबवाला माणूस गावोगाव फिरला, लोकांनी त्याला हाकललं, गाव हसलं. मग मोंब्राक आलं. रांग आली. एकेक करून अख्खं गाव पडद्यावर तीन मुके देऊन थांबलं, आणि सभागृहातली हवा हळूहळू घट्ट झाली.

“अगं बाई,” खाटकाची बायको म्हणाली. “आपण अगदी त्यांच्यासारखे दिसतोय.”

मग ओनोरे आला. ओनोरेनं अर्लेतचा हात धरला. चुक्. चुक्. चुक्. पडद्यावरचा ओनोरे एक क्षण थांबला. आणि मग चौथा, सगळं अंग टाकून, भल्यामोठ्या पडद्यावर. टब चालू लागला, संगीत वाजलं, दिवे लागले.

काळोखात बसायची सवय नसलेले मस्यू फेर्मेलन आधीच उभे होते. गेलं वर्षभर जे रोज वाचत होते ते आता त्यांना तोंडपाठ होतं. आपल्या जाड बेल्जियन उच्चारात, एकेक शब्द सुटा सुटा करून, त्यांनी हुकूम म्हटला. दोन्ही ओळी.

“हे… हे त्या अर्थानं नव्हतं,” मादाम फोंबोन म्हणाल्या.

“तर मग बदला,” लियोंची एक बोनाफे बहीण म्हणाली.

“हुकूम,” दुसरीनं वाक्य पुरं केलं.

“पेटीची किल्ली हरवलीय!”

“शिक्का कोणाचा आहे?” सर्कसवाल्यानं कोंबडी कुरवाळत विचारलं.

शिक्का मादाम फोंबोन यांचाच होता. आयुष्यात त्यांनी काही मोडलं असेल, पण स्वतःचा शिक्का नाही. त्या उठल्या, झाडांखाली गेल्या, लांब टेबलावरची आपली ताटली उचलली आणि संडासाच्या दाराजवळच्या छोट्या टेबलाकडे चालू लागल्या. मागून खाटीक. मागून पाद्रीबाबा. मागून मादाम साबातिये. अठ्ठेचाळीस माणसं पाच जणांच्या टेबलाभोवती गोळा झाली. मस्यू फेर्मेलननी यजमानपण घेतलं. “सरका, सरका. दार उघडलं की ताटली उचलायची, हां. सवय होते.”

आणि अठ्ठेचाळीस खुर्च्यांच्या लांब टेबलावर, मोंब्राकचा एकमेव माणूस म्हणून, ओनोरे वासाल एकटा बसला.

कढई त्याच्यासमोर आणून ठेवली. सबंध गावाची कढई. त्यानं पळी बुडवून वर उचलली. तार सुटली, लांबली, डोक्याच्या वर गेली, तुटेना. तो उभा राहिला. खुर्चीवर चढला. तार अजून येतच होती. पलीकडच्या गर्दीतून अठ्ठेचाळीस जण वर मान करून बघत होते. त्यानं घास घेतला. जीभ भाजली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कोणाला तरी सांगावं म्हणून. दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या होत्या, पार चौकाच्या टोकापर्यंत. मीठ त्या टेबलावर होतं.

गर्दीतून कोपर मारत अर्लेत बाहेर आली. एका हातात ताटली, दुसऱ्यात मीठ. लांब टेबलाशी येऊन, परक्या बाईनं विचारावं तशी ती त्याच्या शेजारच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“मस्यू, इथे कोणी बसलंय का?”

ओनोरे खुर्चीवर उभा होता, पळी हातात, तार अजून लोंबत होती. त्यानं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“मोंब्राकच्या माणसांना विचारावं लागेल, मादाम,” तो म्हणाला. थोडा विचार केला. “हरकत नाही म्हणतायत. बस.”

मग त्यानं संडासाकडे बघून हात केला आणि मोठ्यानं हाक मारली, “या रे सगळे! पण येताना आधी नमस्कार!”

ते आले, एकेक करून, रांगेत. त्या दिवशी जेवण साडेचारला सुरू झालं आणि कालवणाचं पार रबर झालं होतं.